आजीचा करंडा मोडीत घालण्याआधी

चांदीचा भाव चढला की घराघरातल्या जुन्या डब्या कपाटाबाहेर येतात. २०२५ मध्ये दर किलोला लाख रुपयांच्या बराच पुढे गेला आणि अनेकांनी आजी-पणजीच्या वस्तू तराजूत टाकल्या. दिंडोरी, वणी, मोहाडी, लखमापूर या भागातून नाशिकचा सराफ बाजार काही लांब नाही. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पैसे घेऊन घरी परततो. काळा पडलेला करंडा, चेपलेले चुनाळे, झाकण सैल झालेली तपकिरीची डबी यांची नक्षी त्या घाईत कोणी नीट पाहतही नाही.

सत्तर-ऐंशी ग्रॅमच्या कोरीव डबीची खरी किंमत तिच्या वरच्या केसभर थरात असते. कारागिराचा हात त्या थरात उमटलेला असतो. तो थर गेला की उरते फक्त चांदी, आणि ती बाजारात केव्हाही विकत मिळते. घासणे, उजळणे, डाख मारणे, मोडणे ही सगळी कामे या थरावरच होतात. म्हणून अशी वस्तू हाती आली की पुढचा क्रम पाळा.

आधी ती कशासाठी होती ते ओळखा

टिकली येण्यापूर्वी बायका कपाळाला आधी मेण लावत आणि त्यावर कुंकू. म्हणून जुन्या करंड्यात बरेचदा दोन कप्पे दिसतात, किंवा एकाच बैठकीवर दोन लहान डब्या असतात. चुनाळे ही चुन्याची डबी. तिला कधी साखळी असते आणि साखळीला चुना लावायची चमची. तपकिरीची डबी चपटी आणि खिशात मावेल अशी असते. तिचे झाकण घट्ट बसणारे असते, कारण तपकिरीला हवा लागली की तिचा वास उडतो. लवंग-वेलदोड्याच्या डब्या पानाच्या मोठ्या डब्यात बसत. एकट्या सापडलेल्या अशा डबीचे भाऊबंद घरात दुसरीकडे असू शकतात, तेव्हा सगळी कपाटे बघून घ्या. पूर्ण संचाची किंमत सुट्या डब्यांच्या बेरजेपेक्षा जास्त असते.

आतल्या कोपऱ्यात अडकलेले कुंकू, चुन्याची खपली, मेणाचा थर खरवडून काढू नका. वस्तू कशी वापरली गेली याचा पुरावा तिथेच असतो, आणि सुईने खरवडताना पडलेला ओरखडा कायमचा राहतो.

तुलनेसाठी पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय जरूर बघा. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि १९७५ मध्ये संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. दिवे, अडकित्ते, पानाचे साहित्य असा रोजच्या वापरातला ऐवज तिथे आहे. तास-दोन तास तिथे घालवले की आपल्या डबीकडे बघायची नजर बदलते.

नक्षी भिंगातून वाचा

खिडकीशी बसा. प्रकाश बाजूने तिरपा पडू द्या, हातात दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि झाकणाची आतली बाजूही तपासा.

कोरलेल्या नक्षीत धातू काढून टाकलेला असतो. रेघेची खाच टोकदार, कडा धारदार, आणि आतून पत्रा बहुधा सपाट असतो. ठोकून उठवलेल्या नक्षीत धातू काढलेला नसतो, तो फक्त सरकलेला असतो. त्यामुळे बाहेरचा उंचवटा आतून खळगा म्हणून दिसतो. अनेक जुन्या डब्यांवर दोन्ही कामे एकत्र असतात: फुलाचा आकार ठोकून उठवलेला आणि पाकळ्यांच्या शिरा कोरलेल्या.

हाताच्या कामात दोन पाने तंतोतंत सारखी नसतात. एखादी रेघ किंचित घसरलेली असते, वेलीचे शेवटचे वळण जागा कमी पडल्याने आखडलेले असते. साच्यातून दाबून काढलेल्या डबीवर तीच पाकळी तशीच पुन्हापुन्हा येते. लेझरने कोरलेल्या रेघेची खोली सगळीकडे एकसारखी असते. जुनी म्हणून सांगितलेल्या वस्तूवर अशी रेघ दिसली तर सावध व्हा.

झिजेकडेही लक्ष द्या. खऱ्या वापराची झीज हात जिथे लागतो तिथे असते. झाकणाची पुढची कड, तळाचा कंगोरा, बिजागरीच्या बाजू गुळगुळीत होतात. सगळीकडे सारखी झीज आणि खाचांमध्ये सारखाच काळा रंग दिसला तर तो जुनेपणा मुद्दाम आणलेला असण्याची शक्यता मोठी.

मग तळ बघा. आपल्याकडे भांड्यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी मालकाचे नाव घालायची पद्धत होती. नाव देवनागरीत असेल तर लगेच वाचता येते. मोडी लिपीत असेल तर स्पष्ट फोटो काढून मोडी वाचणाऱ्याला दाखवा. राज्याच्या पुराभिलेख विभागाने मोडीचे प्रशिक्षण वर्ग चालवले आहेत, त्यामुळे जाणकार शोधणे अवघड नाही. सोबत शक असेल तर त्यात ७८ मिळवा, म्हणजे इसवी सन मिळेल. शके १८१२ म्हणजे १८९०. जानेवारी ते गुढीपाडवा या काळातली तारीख असेल तर ७९ मिळवावे लागतात.

काही वस्तूंवर वजनही घातलेले असते. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. म्हणजे ‘७ तोळे’ लिहिलेली डबी मूळची ८१.६ ग्रॅमची. आज ती ७८ भरली तर साडेतीन ग्रॅम चांदी झिजून आणि घासून गेली, हा हिशोब वस्तूच स्वतः सांगते.

चांदीच आहे का?

तळावर छाप नाही म्हणजे वस्तू खोटी, असे मुळीच नाही. भारतात चांदीचे हॉलमार्किंग २००५ मध्ये सुरू झाले. त्याआधी गावच्या सोनाराने घडवलेल्या डबीवर सरकारी छाप असायचे कारणच नव्हते. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक देण्याची पद्धत आली, पण चांदीला हॉलमार्क सक्तीचा केलेला नाही. जुन्या डबीवर असा क्रमांक दिसला तर छाप तरी आजचा आहे किंवा डबीच आजची आहे.

कधीकधी इंग्रजी छाप निघतात. चालणारा सिंह म्हणजे ९२५ शुद्धतेची स्टर्लिंग चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचे मुंडके म्हणजे लंडन. शेजारच्या अक्षरावरून साल काढता येते. ‘ईपीएनएस’ अशी चार रोमन अक्षरे असतील तर ते चांदीचे पाणी दिलेले जर्मन सिल्व्हर. तांबे, निकेल आणि जस्ताच्या या मिश्रधातूत नावापुरतीही चांदी नसते. ‘ओ. एम.’ आणि ‘भुज’ असा रोमन अक्षरांतला छाप कच्छचे नामांकित कारागीर ओमरसी मावजी यांच्या कामाचा. तो दिसला तर मोडीचा विचार सोडा आणि आधी तज्ज्ञ गाठा.

हे छाप नसले तरी निराश होऊ नका. गावाकडे चांदीची वस्तू बहुधा जुन्या रुपयांतून व्हायची. गिऱ्हाइकाने रुपये आणून द्यायचे आणि सोनाराने ते गाळून डबी घडवायची. १९४० पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा असे आणि त्याच्या बारा भागांत अकरा भाग चांदी असे, म्हणजे सुमारे ९१.७ टक्के. त्या वर्षी हे प्रमाण निम्म्यावर आले. म्हणून रुपयांतून घडवलेल्या जुन्या डबीची शुद्धता नव्वदीच्या आसपास भरली तर त्यात फसवणूक शोधू नका.

घरी करता येण्याजोगी एक चाचणी आहे. डबीत लाख, आरसा, खडे किंवा लाकूड नसेल तरच ती करा. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. आधी डबीचे कोरडे वजन करा. मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्यावर आणा, डबी दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. आत बुडबुडा अडकता कामा नये. आता जो आकडा दिसेल त्याने कोरड्या वजनाला भागा. ८४ ग्रॅमच्या डबीला आकडा ८.२ आला तर घनता १०.२ झाली आणि ती चांदीशी जुळते. शुद्ध चांदीची घनता १०.४९ असते. आकडा ९.७ आला तर घनता ८.७ च्या आसपास उतरते आणि ते जर्मन सिल्व्हर किंवा पितळ ठरते. चाचणी झाल्यावर डबी लगेच कोरडी करा. बिजागरीतली काडी कधी लोखंडी असते आणि ती गंजते.

सराफाकडे क्ष-किरणांच्या यंत्रावर टंच काढता येतो. वस्तूला धक्का लागत नाही, पण हे यंत्र फक्त वरचा थर वाचते. वरून पाणी दिलेले असेल तर आकडा फसवतो. तळाची झिजलेली जागा आणि आतली बाजू अशा दोन-तीन ठिकाणी मोजायला सांगा. ‘कोपरा कापून गाळून बघू’ या सूचनेला साफ नकार द्या.

दिंडोरीत चांदी लवकर का काळवंडते

चांदी लोखंडासारखी गंजत नाही. तिचे वैर गंधकाशी. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडसारख्या गंधकयुक्त वायूंमुळे पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर धरतो. दमट हवेत हे अधिक वेगाने होते.

आता आपल्या घराभोवती नजर टाका. द्राक्षबागेत भुरीवर गंधकाची फवारणी आणि धुरळणी होते. गंधकाची पोती पडवीत किंवा मागच्या खोलीत रचलेली असतात. बेदाण्यासाठी गंधकाची धुरी देतात. शेजारी कांद्याची चाळ असते आणि कांद्याच्या उग्र वासात गंधकाचीच संयुगे असतात. एकाच घराच्या दोन खोल्यांत ठेवलेल्या दोन डब्या वेगवेगळ्या वेगाने काळ्या पडतात, त्यामागे असे काहीतरी असते. औषधांच्या खोलीला लागून असलेल्या भिंतीतल्या कपाटात चांदी ठेवू नका. फवारणी करून आलेल्या हातांनी किंवा कपड्यांनी तिला शिवू नका.

घरातही गंधक लपलेला असतो. रबरबँड, लोकरीचे कापड, रबरी हातमोजे, अंड्याचे पदार्थ यांत तो असतो. झाकण उघडू नये म्हणून लावलेला रबरबँड काही महिन्यांत चांदीवर काळी रेघ उमटवतो. वर्तमानपत्रात गुंडाळणेही टाळा.

साफ करायची तर किती?

दिवाळीच्या साफसफाईत बहुतेक नुकसान होते. रांगोळी, राख, टूथपेस्ट, पितळ-तांब्याची पावडर हे सारे घासणारे पदार्थ आहेत. काळा थर हा चांदीचाच बनलेला असतो. तो घासून काढला की तेवढी चांदी गेली. तांब्या-पेल्याला ते खपून जाते, पण कोरीव रेघ मुळात इतकी उथळ असते की पन्नास दिवाळ्यांत ती पुसून जाते. चिंच आणि लिंबू तांब्या-पितळेला चालतात, कोरीव चांदीला लावू नयेत. मिठाला तर अजिबात जवळ येऊ देऊ नका.

अ‍ॅल्युमिनियमचा कागद, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी ही युक्ती हल्ली घरोघरी माहीत आहे. ती खरोखर काम करते, कारण त्या रासायनिक क्रियेत गंधक अ‍ॅल्युमिनियमकडे जातो. साध्या चमच्याला हरकत नाही. कोरीव डबीच्या मात्र खाचांतला काळा रंगही ती धुऊन नेते. नक्षी उठून दिसते ती त्या काळोखामुळे. तो गेला की सगळा पृष्ठभाग सपाट, निर्जीव पांढरा होतो. शिवाय लाख भरलेल्या, सोन्याचा मुलामा किंवा मिना असलेल्या वस्तूचे यात कायमचे नुकसान होते. डबी बुडवायची तयार द्रावणेही याच कारणाने टाळावीत.

घरी एवढेच करा. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब किंवा रिठ्याचे पातळ पाणी घ्या, मऊ सुती फडके आणि रंगकामाचा मऊ कुंचला वापरा. हलक्या हाताने धूळ आणि तेलकटपणा काढा. स्वच्छ पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा आणि लगेच टिपून कोरडे करा. लाख, लाकूड किंवा आरसा असेल तर पाणी न लावता फक्त कोरड्या कुंचल्याने झटका. काळेपणा फारच असेल तर अगदी बारीक, स्वच्छ खडूची भुकटी पाण्यात कालवून कापसाच्या बोळ्याने फक्त उंचवट्यांवर फिरवा आणि खाचा तशाच सोडा. हे काही वर्षांतून एकदा पुरे. एरवी मऊ कापडाने पुसत राहिले तरी रोज हाताळली जाणारी डबी आपोआप उजळ राहते.

दुरुस्ती करताना

झाकण सैल, बिजागरी तुटलेली, कोपरा चेपलेला, अशी कामे घेऊन सोनाराकडे जाताना तीन गोष्टी आधीच ठरवून सांगा. पहिली, डाख चांदीचाच हवा. कथील-शिशाचा डाख स्वस्त आणि सोपा असतो, पण पुढे कधी ती जागा तापवली तर शिसे चांदीत उतरून तिला खाते. दुसरी, बफिंगचे चाक लावायचे नाही. ‘नवीकोरी करून देतो’ म्हणणारा कारागीर चांगल्याच भावनेने बोलतो, पण ते चाक मिनिटभरात शंभर वर्षांची रेघ उतरवते. तिसरी, पाणी द्यायचे नाही आणि झिजलेली नक्षी पुन्हा कोरायची नाही. द्यायच्या आधी सगळ्या बाजूंचे फोटो काढा आणि पावतीवर वजन लिहून घ्या.

वस्तू फार नाजूक किंवा दुर्मीळ असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे संवर्धन केंद्र किंवा इंटॅक या संस्थेचे संवर्धन विभाग विचारून पाहावेत. खर्च ऐकून मगच निर्णय घ्या. काहीच न करणे हाही बरेचदा योग्य निर्णय असतो.

वापरा, पण जपून

डबी कुलपात ठेवलीच पाहिजे असे नाही. कुंकू, सुपारी, वेलदोडे अशा कोरड्या वस्तूंसाठी ती आजही चांगली. ओला चुना ठेवायचाच असेल तर आत काचेची लहान वाटी बसवा. लोणचे, मीठ किंवा ओले खाद्यपदार्थ ठेवू नका. मिठाने चांदी खराब होते, आणि जुन्या डाखात शिशासारखे घातक धातू असू शकतात.

ठेवताना धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा आणि साध्या पॉलिथिनच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह बंद करा. रंगीत मखमलीची पेटी दिसायला छान, पण तिचा रंग आणि गोंद चांदीला त्रास देतात. डांबराच्या गोळ्या शेजारी नकोत. पावसाळा संपला की एकदा उघडून बघा आणि सिलिका जेल बदला.

विकायचीच असेल तर

गरज कोणालाही पडते, त्यात कमीपणा नाही. पण मोडीचा भाव आणि वस्तूचा भाव हे दोन वेगळे आकडे आहेत, हे ठाऊक असू द्या. मोडीचा भाव घरीच काढा. ८० ग्रॅमची डबी नव्वद टक्के शुद्ध असेल तर तिच्यात ७२ ग्रॅम चांदी आहे. दर किलोला दीड लाख धरला तर १०,८०० रुपये होतात, त्यातून घट वजा होईल. मोडीत घडणावळीचा रुपयाही मिळत नाही, म्हणजे नक्षी फुकट जाते. म्हणून आधी जुन्या वस्तूंच्या जाणकारांकडून किमान दोन लेखी अंदाज घ्या. त्यातला कोणताही आकडा मोडीच्या वर गेला नाही, तर मोडीचा मार्ग खुला आहेच.

कायद्याच्या तीन बाबी विसरू नका. पुरातन वस्तू व कलानिधी कायदा १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरातन ठरते. अशी वस्तू स्वतः देशाबाहेर नेणे किंवा पाठवणे हा गुन्हा आहे आणि त्यात सहा महिने ते तीन वर्षे कैद होऊ शकते. अमेरिकेतल्या नातीला पणजीचा करंडा द्यायचा असेल, तर तो शंभर वर्षांच्या आतला आहे असे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमाणपत्र आधी मिळवा. वस्तू खरोखरच शंभरीपार असेल तर तिने इथेच राहायला हवे. दुसरी बाब, पुरातन वस्तूंचा व्यवसाय करणाऱ्याला परवाना लागतो, तो बघायला मागा. तिसरी बाब वाडा पाडणाऱ्यांसाठी. जमिनीत किंवा भिंतीत पुरलेला ऐवज सापडला तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या कोणत्याही ऐवजाला हा नियम लागू आहे. शंका असेल तर नाशिकच्या सरकारवाड्यातल्या राज्य पुरातत्त्व कार्यालयात विचारा. तो वाडा सराफ बाजाराच्या परिसरातच आहे, वाकडी वाट करावी लागत नाही.

एक पानाची नोंद

डबी ठेवा, वाटणीत द्या, विका किंवा संग्रहालयाला द्या, तिच्यासोबत एक कागद जाऊ द्या. त्यावर वजन, लांबी-रुंदी-उंची, तळावरचे नाव, दुरुस्तीची माहिती लिहा आणि तिरप्या उजेडात काढलेले फोटो जोडा. मग घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारून चार ओळी लिहा: ही कोणाची, कोणत्या लग्नात आली, कोणत्या गावच्या सोनाराने घडवली, ती व्यक्ती तिच्यात काय ठेवायची. सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख टाका. ऐकीव माहिती असेल तर ‘ऐकीव’ असेच लिहा.

विकत घेणारा जाणकार या कागदाला किंमत देतो, कारण तळावरचे नाव आणि घराची हकिकत जुळली की वस्तूचा काळ आणि गाव पक्के होते. वाटणीच्या वेळीही हा कागद उपयोगी पडतो, कोणाला काय मिळाले याचा वाद राहत नाही. या दिवाळीला चांदी बाहेर काढाल तेव्हा साफसफाईचा दिवस अर्धा करा आणि उरलेला अर्धा दिवस या नोंदीला द्या.